चारशे मीटरवर

पहिल्यांदा आठाचा तीन झाला.
पोतोसीत, खाणीच्या फाटकाशी, माझा काटा.
पोती यायची, आकडा मी मोठ्याने वाचायची.
अठ्ठेचाळीसचं त्रेचाळीस वाचलं
आणि पाच किलोंसाठी एक पोरगा माझ्या आईवर गेला.
सव्वीस वर्षांत माझ्या काट्याला कुणी बोट लावलं नव्हतं.

मग माणसांची नाकं गेली.
टोपी दिसे, कान दिसत, मधे कुणीच नाही.
डावा डोळा जन्माचा आळशी,
आकार ओळखतो, अक्षर नाही.
कामाचा होता तो हाच.

सांता क्रूसला डॉक्टर पेरेदो म्हणाल्या,
पडद्याला मधोमध भोक आहे, दोन्या सातुर्निना,
आणि पुढे मोतीबिंदू, कोवळा.
भोक बुजवायला वायू भरावा लागेल,
आणि वायू भरला की मोतीबिंदू पिकणारच.
मी म्हटलं, म्हणजे परत उतरायचं?
परत बस, परत भूल, परत सुनेच्या दारात माझं गाठोडं?
नको, त्या म्हणाल्या,
पुढच्या वर्षीचं धुकं यंदाच काढू.
एकाच खेपेत. आधी धुरकट भिंग,
मग आतला चिकट रस, मग पडद्यावरची साय
चिमट्याने सोलून.
साय म्हणाल्या, तशी मला दुधाची आठवण झाली
आणि पोटातला गोळा जरा खाली बसला.

भूल डोळ्याला, कानांना नाही.
यंत्र गुणगुणत होतं. कुणीतरी कुणाला
भाड्याचे पैसे मागत होतं.
आणि चिमट्याची सावली मला दिसली,
आतल्या बाजूने.

त्यानंतर सात दिवस मान खाली.
उभ्या जन्मात घातली नव्हती,
ठेकेदारापुढे नाही, सासूपुढे नाही.
आता फरशीपुढे.
माणसं टाचांवरून ओळखायला लागले.
यारित्साच्या टाचेला शाई.
सुनेच्या भेगाळलेल्या, रक्त येईल इतक्या.
ही बाई दिवसभर उभी असते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं.

मनगटावर हिरवी पट्टी:
डोळ्यात वायू आहे, उंचावर नेऊ नये.
वर गेलं की बुडबुडा फुगतो,
डोळा आतून दाबत दाबत विझवतो.
हे गाव समुद्रापासून चारशे मीटर.
माझं घर चार हजारांवर.

त्यातच सर्व संतांचा दिवस आला.
इलारियोनचं तिसरं वर्ष.
आमचे मेलेले तीनदा जेवायला येतात,
तिसऱ्यांदा निरोप घेतात.
आणि मी इथे, आंब्याच्या झाडाखाली, घामेजलेली.
एदिल्बेर्तो म्हणाला, मेज इथेच मांडू.
मी म्हटलं, त्याला पत्ता कुठे माहीत?
आई, त्याच्या डोळ्यात वायू नाही.
त्याला उतरता येतं.

कणीक मळायला मान खालीच लागते.
पावाची बाळं केली, मनुक्यांचे डोळे.
एकाला मी एकच लावला.
यारित्सा रागावली, दुसरा स्वतः दाबून बसवला, जरा खोल.

रात्री उकाड्याने मेणबत्त्या वाकल्या.
त्याला उकाडा कधीच सोसत नव्हता.
माझ्या डोळ्यात एक आडवी रेषा,
वर पंखा स्वच्छ, खाली पाणी डुचमळतंय,
आणि रेषेवर ज्योत दोनदा.
मी कुणाला काही बोलले नाही.
त्याची सिगारेट मात्र जळून संपली
कुणी न ओढता.

बुडबुडा लिंबाएवढा झाला, बोराएवढा झाला,
आज मसुराएवढा, मान हलवली की घरंगळतो.
भिंतीवरच्या कॅलेंडरात बोट ठेवून म्हटलं, हा आठ.
दोन्ही पोटं बंद.
खात्रीसाठी सुनेला विचारलं.
आठच, ती म्हणाली.
पण ती कॅलेंडरकडे बघत नव्हती,
माझ्याकडे बघत होती,
आणि तिला नाक होतं, थोडं वाकडं,
बहुतेक पहिल्यापासूनच.