चार नंबरचं कोल्ड स्टोरेज

आमच्या खोलीबाहेर पाटी आहे : नवउद्यम गुंतवणूक विभाग.
आत मी, एक प्रिंटर,
आणि मिरकरवाड्याकडे उघडणारी खिडकी.
कंपनीने पैसा दिलाय. माणसं द्यायची राहिली.

ऋजुता भाटकरच्या यंत्रात
दीड कोटी घालायचं ठरलं
तेव्हा मुंबईच्या बोर्डाने अकरा मिनिटं घेतली.
यंत्र वासावरून सांगतं
मासळी किती तासांची आहे.
पण हुंगायला मासळी हवी,
मासळी चार नंबरच्या दाराआड,
आणि दाराची किल्ली
इक्बाल होडेकरच्या कमरेला.

बोर्डाचा ठराव दाखवला तर म्हणाला,
'कागद भायेरच ठेवा, आत भिजतो.'

मग मी माझी खरी थैली चाचपली.
सहा वर्षांपूर्वी, मी खरेदीत असताना,
बर्फवाहू गाड्यांची बिलं अडली होती
ऐन रमजानच्या तोंडावर.
रात्री साडेनऊला हिशेबातल्या शेट्येबाईंना
घरून स्कूटरवर आणून सही घेतली होती.
आभार कुणी मानले नव्हते,
ईदेला सांदणांचा एक डबा आला होता फक्त.

तो डबा मी मध्ये आणला नाही.
एवढंच म्हटलं, 'इक्बालभाई, पंधरा दिवस.'
त्याने किल्ली काढली. माझ्याकडे पाहिलं नाही.

तेराव्या दिवशी
त्यानेच ताजी म्हणून उतरवून घेतलेली सुरमई
यंत्राने लाल दाखवली.
बावीस तास.
एकतीस वर्षांचं नाक,
आणि भोवती हमाल उभे.
ऋजुता भराभर फोटो काढत होती.
तिचं तरी काय चुकलं?

तिमाही अहवालात रकाना असतो :
मूळ कंपनीकडून मिळालेलं साहाय्य.
मी लिहिलं : शीतगृह, एक. विनामूल्य.

काल त्याने किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.
म्हणाला, 'ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच.
दर टायमाला मागायला नको.'

किल्ली गार होती, दातऱ्यांत एक खवलं अडकलेलं.
बाहेर ओहोटी लागलेली,
दोन ट्रॉलर गाळात कलंडून पडलेले.

पुढच्या महिन्यात दुसरी मुलं येतायत,
बर्फ कमी वितळवण्याचं काहीतरी घेऊन.
त्यांना बर्फाचा कारखाना उघडून हवाय.

तिथे आपल्या ओळखीचं कोण आहे,
कुणाचं कधी काय केलं होतं,
आठवतोय.