तीन सडांची

गाठ लागली तेव्हा वाटलं, दूध साचलंय.
नोएमिया सात आठवड्यांची होती,
डाव्या बाजूला घेतलं की तोंड फिरवायची,
आणि मी, बावीस गाईंच्या कासा रोज चाचपणारी,
मला कुणी शिकवावं कासदाह म्हणजे काय?
गरम फडकं लावलं. चोळलं. पिळलं.
सासूबाईंनी कोबीची पानं दिली, तीही ठेवली.
गाठ हलेना.
गाय पान्हा चोरते, हे ठाऊक होतं.
पोर पान्हा नाकारतं, हे नवीन होतं.

साओ जॉर्जहून अंग्राला बोट जाते,
वारा असला तर जात नाही.
त्या दिवशी गेली.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर टक्के लिहिले,
पाच वर्षांचे, दहा वर्षांचे,
बाळंतपणानंतर सापडलेल्यांचे वेगळे, जरा कमी.
मी विचारलं, ह्यांची नावं काय?
म्हणाल्या, ह्यात नावं नसतात.
मग शंभरातली मी कितवी?
त्यांनी पेनाला टोपण लावलं. परत काढलं.

दूध आटवायची गोळी मिळाली.
डोकं समजलं, उजवी छाती समजेना,
पोर रडली की भरून यायची, शर्ट भिजायचा,
आणि जासिंतो बाटली घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायचा.
बावीस गाईंच्या घरात डब्यातली पावडर!
कुणी हसलं नाही.

शेजारच्या खाटेवर झुल्मिरा, फ्लोरेस बेटावरची.
सातवा महिना, आणि हातात सुई.
औषधाची पिशवी रिकामी झाली की पोटावर टिचकी मारायची,
"आहेस ना रे?"
आतून लाथ आली की मला हाक. बघ, आहे.
मुलगा झाला, डोकंभर जावळ घेऊन.
आईच्या डोक्यावर एक केस नव्हता.
आम्ही दोघी इतक्या हसलो की माझे टाके ओढले.
ती दुसऱ्या हिवाळ्यात गेली.
टक्के तिलाही सांगितले होते,
मला वाटतं, माझ्याहून बरे.

घरी आले तेव्हा गोठ्यात फिदाल्गा उभी.
तिचा एक सड कासदाहात गेलेला, तीन उरलेले.
तीन सडांची गाय सासरे ठेवत नाहीत,
हिशेब सोपा, खाटकाची गाडी मंगळवारी येते.
मंगळवारी आली.
सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं,
म्हणजे शर्टाच्या सपाट बाजूकडे,
मग स्वतःच्या बुटांकडे.
"ही राहू दे. तिघांतून चौघांचं देते."
खोटं होतं ते. तीन सड तिघांचंच देतात.

सहा वर्षं झाली.
दर सहा महिन्यांनी बोट.
आदल्या रात्री डोळा लागत नाही,
पण गाईंना कुठे ठाऊक, पाचला हंबरतात.
नोएमिया आता बादली धरते.
काल फिदाल्गाच्या पोटाखाली डोकावून म्हणाली,
चौथ्याचं काय झालं?
आटला तो.
"दुखलं तिला?"
खाडीपलीकडे पिकोचा डोंगर अर्धाच दिसत होता,
वरचा अर्धा ढगात.
म्हटलं, दुखलं.
धर नीट, सांडेल.