गालातली साखर

एर्झुरूममध्ये आम्ही चहात साखर घालत नाही.
खडा दातांत धरतो
आणि कडू चहा त्याच्यावरून आत ओढतो.
मुरलेला माणूस एका खड्यावर तीन पेले काढतो.
मी पेल्याला एक खडा खायचो,
आणि दिवसाचे पेले किती
ते चहावाल्या पोऱ्याला ठाऊक, मला नाही.

धंदा लोखंडी शेगड्यांचा.
पत्रा कापायचा, वाकवायचा, धुराडं बसवायचं.
गेल्या फेब्रुवारीत दुकानात जळकट वास सुटला.
मी भट्टीमागे पाहिलं, चिंध्यांत पाहिलं,
गिऱ्हाइकाचा कोटसुद्धा हुंगला.
शेवटी त्यानंच बोट दाखवलं:
"नेजमेत्तिन उस्ता, तुमचा पाय."

ठिणगी बुटातून आत शिरली होती.
पायानं सांगायचं ते
नाकानं सांगितलं.

डॉक्टर एलचिन माझ्या धाकटीच्या वयाची.
रागावली नाही. एक कोरी वही दिली.
"सोडू नका काहीच. फक्त लिहा."
मला वाटलं, स्वस्तात सुटलो.

सोमवार. खडे एकोणीस.
मंगळवार. खडे एकवीस, वहदेतला नातू झाला.
बुधवारी चौदा लिहिले, ते खोटं.
दोन ओळींच्या वहीला फसवून
रात्रभर छताकडे बघत पडलो.
पहाटे चारला कळलं,
की यापेक्षा पाच खडे कमी खाणं सोपं.

मग वहीनं इतर चहाड्याही सुरू केल्या.
वखारवाल्याशी भांडून आलो की मी हलवा खातो.
भूक नसते, तोंड चालू ठेवायचं असतं,
नाहीतर तोंडातून काय निघेल सांगता येत नाही.
आणि पाव. भाताबरोबर पाव,
बटाट्याबरोबर पाव, शेवयांबरोबर पाव.
एक दिवस ताट जरा सरकवलं, तर शुक्रिये म्हणाली,
"एकतीस वर्षांनी माझ्या हाताची चव गेली का?"

हे समजावायला वही उपयोगी नाही.
मी बूट काढला, मोजा काढला,
पाय तिच्या मांडीवर ठेवला.
तिनं अंगठ्याला चिमटा घेतला, चांगला जोरात.
मी तिच्या तोंडाकडे बघत होतो,
चिमटा सुटला कधी ते तिच्या चेहऱ्यावरून समजलं.

दुसऱ्या दिवसापासून मला निळ्या सशाची ताटली,
मुलीची, लहानपणची.
त्यात मावेल तेवढंच. ससा दिसला की थांबायचं.
सुरुवातीला ससा फार लवकर दिसायचा.

"गोड खाऊ, गोड बोलू," बाप म्हणायचा.
त्याचा उजवा पाय गुडघ्याशी संपत होता.
आम्ही पोरं समजायचो, रेल्वेखाली गेला असणार.
विचारलं नाही कोणी.
तो गोडच बोलायचा, शेवटपर्यंत.

न खाल्लेले खडे मी खिळ्यांच्या बरणीशेजारच्या बरणीत टाकतो.
बरणी गळ्यापर्यंत आलीय.
बढाई नको, परवा शुक्रवारी
त्यातलेच तीन काढून खाल्ले,
दाराकडे पाठ करून, शाळकरी पोरासारखे.
लिहिलेत. तीन. वेळ, सव्वाचार.

कडू चहा आता मला कळायला लागलाय.
आधी जिभेला जाळतो, मग घशात
ओल्या लाकडासारखं काहीतरी राहतं.
साठ वर्षं हे खड्याच्या पलीकडेच होतं.

पोऱ्या अजून बशीत दोन खडे ठेवतोच.
"नको," म्हटलं तर लाजतो,
उस्ताला रिकामी बशी कशी द्यायची?
मग मी पेला थोडा तिरपा करतो, मुद्दाम.
चहा सांडतो,
खडे बुडापासून तांबूस होतात,
एक कोपरा खचतो, मग दुसरा.
तोवर मी पिऊन घेतो.