नेट

पहिल्यांदा विचारलं प्राचार्यांनी,
अर्जावरून नजर न उचलता : "नेट आहे?"
दोनदा दिलं, सर.
फाईल मिटली. तासिका तत्त्वावर ठेवलं मला,
बर्फात ठेवतात तसं, गिऱ्हाईक येईस्तोवर.

मग इकबाल मुकादमांनी, हर्णैच्या पुळणीवर,
लिलाव सुटल्यावर.
वही माझ्याकडे, कारण आबांना आकडे
ऐकू येतात, दिसत नाहीत.
"नेट सांग, नेट."
म्हणजे टोपलं वजा, बर्फ वजा,
सुरमईच्या अंगावरून निथळणारं पाणी वजा.
एकोणचाळीस किलो.
समुद्र वजा केला की मासा उरतो,
असं मनात आलं, आणि त्या वाक्याची
माझी मलाच लाज वाटली.

पुण्याची एक पाहुणी, आमच्या ओट्यावर,
फोन आभाळाला दाखवत :
"काकू, नेट आहे ना इथे?"
काकूनं मागल्या दाराकडे बोट केलं.
तिथे वावरी वाळत होती, कोलंबीच्या वासासकट.
काकू खोटं बोलली नाही.
नाक्यावरच्या दुकानाची पाटीच तशी आहे :
नायलॉन नेट, दोर, बोये.

आबा मात्र जाळ्याला नेट म्हणत नाहीत.
पाग म्हणतात, डोल म्हणतात, रापण, वावरी,
आणि आणखी एक होतं,
त्याचं नाव आजोबांबरोबर गेलं.
"येवढ्या जाळ्यांना येकच नाव?
मग हाक कुणाला मारायची?"

त्यांचा नेट निराळा.
मी मराठी शिकवते म्हणून सांगते : पुल्लिंगी.
परीक्षा झालीच तर ते नेट होतं,
रेंज गेली की ते नेट जातं,
हा मात्र लागतो. धरावा लागतो.
दोर ओढताना टाचा वाळूत रुततात
आणि पोटातून येतो :
"नेट लावा रे, नेट!"

निकालाच्या दिवशी मी दीपगृहाच्या चढणीवर.
तिथल्या तिसऱ्या वळणावर दोन कांड्या येतात,
वारा पडला तर तीन.
गोल फिरत राहिला.
करवंदीखाली एक कुत्रं झोपलेलं, तेही कंटाळून उठलं.
मग पान उघडलं, अर्धं :
माझं नाव, आसन क्रमांक,
खाली पांढरं.

तेवढ्यात खालून हाक.
रापणीला एक हात कमी होता,
नीलेश दापोलीला गेलेला, डिझेलला.
हाक मला होती की दोराला, कळलं नाही,
वर येता येता तिचे शब्द गळाले होते,
नुसता जोर पोचला.

फोन ओढणीत बांधला आणि उतरले.
दोर ओला, तळहाताला काचणारा.
बांगडा आला, तीन टोपली,
आणि एक फुटकी चप्पल.

वही घरीच राहिली होती.
इकबालभाईंनी काट्याशी वाकून विचारलं,
"नेट किती गो?"
अजून कळलं नाही, म्हटलं.
त्यांनी टोपलं उतरवलं,
पारडं पंचानं पुसलं,
काटा पुन्हा शून्यावर आणला.