बाकी बारा

शहाऐंशी हजार चारशे बारा फोटो
एकाच फोल्डरमध्ये.
टोर्सहावनच्या संग्रहालयात, तळमजल्यावर,
मार्युन यादी मागते
आणि संगणक गप्प.
कॉफी गार होते. काळ्या खिडकीत कर्सर
नुसता पापणी लववत बसतो.

मिचिनेसच्या कड्यावर, पफिनच्या बिळाच्या तोंडाशी
कॅमेरा होता. मिनिटाला एक फोटो, साठ दिवस.
तिथला उन्हाळा, रात्र नावालाच.

ती पाच-सहा ओळी लिहिते.
चौसष्ट फोल्डर, एक फेरा,
पत्ते वाटतात तसा:
हा तुला, हा तुला, हा तुला,
चौसष्टाव्याशी पोचलं की पुन्हा पहिल्यापासून.
कुणी लाडकं नाही, कुणी दोडकं नाही.
पहिल्या खेपेला नावांतल्या मोकळ्या जागांपाशी
फाइली मधोमध तुटतात. अवतरणचिन्हं राहिली होती.
घालते. एंटर.

चोचीत मासे आडवे धरून आलेला पक्षी
सातव्यात पडला,
तो आत शिरल्यावरचं रिकामं गवत
आठव्यात.
आता कुठलाही फोल्डर उघडा,
एकटा जून कुठेच नाही.
प्रत्येकात सबंध उन्हाळा आहे, पण विरळ,
चौसष्ट-चौसष्ट मिनिटांच्या ढांगा टाकत गेलेला.
पिल्लू दिसतं न दिसतं तोच
त्याला उडायची घाई.

मग ती मोजते.
बावन्न फोल्डरांत तेराशे पन्नास.
पहिल्या बारांत एकेक जास्त.
भाग पुरता गेला नाही.

त्या बारांतला शेवटचा फोटो उघडत जाते.
पहिल्यात हातमोजा.
दुसऱ्यात बुटाचा तळवा, त्याला चिकटलेली माती.
तिसऱ्यात दाढी, इतकी जवळ की धुकंच.
चौथ्यात फक्त समुद्र, वाकडा.
पाचव्यात तो हसतोय,
कुणाकडे बघून, ते चौकटीबाहेर.
मग कोपर, गाठ, पुन्हा गाठ,
आणि नवव्यापासून पुढे पिशवीतला काळोख.

हानुस. कॅमेरा उतरवायला गेलेला.
ओली गाठ सोडवायला एवढा वेळ लागला त्याला.
त्याचा दोर अजून जिन्याखाली खुंटीला आहे.
यंदा दुसरं कुणी जाईल.

पासष्टावा फोल्डर करावा, म्हणून ती त्याचं नाव टाइप करते.
मग एकेक अक्षर मागे घेते.
राहू देत, ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेले,
काळोखाचे चारसुद्धा.

वरून सोल्वा ओरडते, झालं का गं?
झालं.
बाकी काय?
मार्युन दिवा मालवते.
बाकी काही नाही.