साक्षीदार क्रमांक सहा

नाव आतुमाने अबकार.
वय? आई सांगायची, ज्या साली काजूला मोहोर धरला नाही
त्या सालचा. हिशेब तुम्हीच मांडा.
धंदा डुबकीचा: एक काठी, तिला आकडा,
आणि छातीत मावेल तेवढा श्वास.

आता जहाजाचं.
कंपनीचे वकील म्हणतात, त्यांनी शोधलं.
पिवळा मासा दोरीला बांधून तीन महिने त्यांची बोट
शेत नांगरावं तशी फिरत होती
आमच्या बेटापासून खडकांपर्यंत, खडकांपासून बेटापर्यंत.
खरं आहे. मीच बसलो होतो तिच्या नाळेवर.
त्यांनी विचारलं, तुमची जाळी कुठे फाटतात?
मी बोट दाखवलं.
त्याचे दोन हजार मेटिकाल मिळाले, आणि ही टोपी.

पण मला ती जागा दाखवली एका ऑक्टोपसने.
हसू नका.
त्याच्या बिळाच्या दाराशी खापऱ्या रचलेल्या होत्या,
पांढऱ्यावर निळं काम, एकीवर अर्धं हरिण,
पुढचे पाय आणि मान, मागे काहीच नाही.
घराला गडगा घालावा तसा घातला होता त्याने.
म्हणजे पहिला शोध त्याचा.
कब्जाही त्याचा, वहिवाटही त्याचीच.
त्याला आम्ही नारळाच्या दुधात शिजवलं.
मुआझिझाने, माझ्या बायकोने. तिलाही विचारू शकता.
चव चांगली होती.

काल दिवसभर या बाकावर बसून ऐकलं.
सरकार म्हणतं, पाणी आमचं.
लिस्बनहून आलेले गृहस्थ म्हणाले, निशाण आमचं,
निशाण कुजलं तरी मालकी कुजत नाही.
कंपनी म्हणते, डिझेल आमचं, जोखीम आमची, अर्धं द्या.
दुभाषा बिचारा घोटाघोटाने पाणी पीत होता.
पोर्तुगीजमधून माखुवात येताना
'मालकी'ला त्याने तीन वेगळे शब्द वापरले,
तिन्ही वेळा माझ्याकडे बघून.

मग मालाची यादी वाचली.
लवंग, चाळीस पोती.
चिनी बशा, नऊ पेट्या.
सोनं, दोन संदुका, मोहोरबंद.
नग, एकशे बारा.

इथे दुभाषा थांबला.
कसले नग? कारकुनाने विचारलं.
खालच्या फळीवरचे, तो म्हणाला.
वयं लिहिली आहेत. दात मोजलेले आहेत.

सरकारी वकिलांनी चष्मा पुसला.
लवंगेवर दावा होता, बशांवर होता, सोन्यावर तर होताच,
कुजक्या लाकडावरसुद्धा होता एका संग्रहालयाचा.
नगांवर कुणाचाच नव्हता.
पुढची बाब, असं तुम्ही म्हणालात, न्यायाधीश बाई.
पण हळू म्हणालात.
ते मी लक्षात ठेवलंय.

आमच्या बायका ओहोटीला वाळू चाळतात.
लाल मणी सापडतात, विटकरी, कधी एखादा हिरवा.
त्याच जहाजाचे, किंवा दुसऱ्या कुठल्या;
समुद्र पावती देत नाही.
माळ ओवून पाहुण्यांना विकायची, शंभर मेटिकाल.
काल इथल्या जाणत्यांनी सांगितलं, हे मणी
माणसांच्या बदल्यात मोजून द्यायचे.
एका माणसाला किती, ते मी विचारलं नाही.
रात्री मुआझिझाला सांगितलं.
तिचा दोरा थांबला नाही.
म्हणाली, पोरीची फी सोमवारी भरायची आहे.
मग बऱ्याच वेळाने म्हणाली,
त्यातली कुणी आपल्यातलीच असेल ना रे,
आणि दिवा बारीक केला.

काय म्हणालात, साहेब?
नाही, मला काही नको. ती बशी नको, हिस्सा नको.
जाळ्याचे पैसे कुणी देत असेल तर घेईन,
अठरा वाव होतं, नवं होतं.

आणखी कुठे?
खडकांच्या पलीकडे, खोल पाण्यात,
तिथेही जाळी फाटतात का, असं विचारताय?

शपथेवर आहे, खोटं बोलणार नाही.
जाळी सगळीकडेच फाटतात, साहेब.
जुनी झालीत.