टिटवी

कागदावर तिचं नाव म्हणजे आठ अक्षरं आणि एक तिरपी रेघ.
शेडमध्ये आम्ही टिटवी म्हणायचो:
पाय लांब, अंग हलकं, आणि चोच,
चोच अजून यायची होती.

चिकलठाण्याच्या जुन्या वसाहतीत, गल्ली नंबर चार.
अलीकडं बिस्किटाचे कागद छापायचे,
पलीकडं बंद पडलेली सूतगिरणी,
मधे आम्ही.
सहा चाकं. साडेनऊ टन.
रणगाड्याच्या पुढ्यात जायचं, एक गोळा टाकायचा,
त्यानं मान वळवायच्या आत पळायचं.
लोहारेकर साहेबांनी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं
आणि फळ्यावर पळायचा बाण काढला.
मारायच्या बाणाला खडू पुरला नाही.

खाजामियाँ शिवायचे, मी ऐकायचे.
माझं काम तेवढंच. सांध्यावर जेल लावायचं,
बाईच्या पोटावर लावतात तसलंच, गार,
नि प्रोब फिरवत पडद्यावर बघायचं
आत कुठं पोकळ राहिलंय का.
एकशे अठरा सांधे.
तीन जागी बुडबुडा निघाला.
खाजामियाँ तीन दिवस बोलले नाहीत,
चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर नान-खलियाचा डबा,
आणि तिन्ही सांधे नव्यानं घातलेले.

गांधेलीच्या माळावर चाचणी.
तोफ आली नव्हती,
म्हणून तेवढ्याच वजनाचा पाइप बसवला,
टोकाला लाल फडकं,
लांब सळया नेणाऱ्या ट्रकला बांधतात तसं.
चालवायला भुजंगराव, निवृत्त हवालदार, डावा कान गेलेला.
मुरमावर ती अशी सुटली
की साहेब चष्मा पुसायला विसरले.
मग वळणावर शेषेरावांच्या वावरात शिरली.
आदल्या रात्री अवकाळी झालेला.
काळं रान कुणाला सोडतंय?
पहिलं चाक, दुसरं, मग पोटच टेकलं.
शेषेराव बांधावर उभे. म्हणाले,
"हरभरा माझा आहे हो. शत्रू कोणता तुमचा?"
त्यांच्याच ट्रॅक्टरनं ओढून काढली.
अहवालात नोंद: नुकसान, हरभरा, चौदा ओळी.

टायर रुंद केले. पुन्हा गेलो. निघाली.
त्या दिवशी शेषेरावांनीसुद्धा टाळी वाजवली
आणि मग इकडंतिकडं बघितलं.

पत्र पावसाळ्यानंतर आलं. अडीच ओळी.
चूक निघाली असती तर बरं वाटलं असतं.
गरज उरली नाही, असं होतं.
साहेबांनी पत्राला पंच मारला, फाइलला लावलं,
आणि पंचातून पडलेले दोन गोल ठिपके
बोटाला थुंकी लावून टेबलावरून उचलले.

नियम असा की ओळखू येईल असं काही ठेवायचं नाही.
गॅस कटर खाजामियाँच्याच हातात.
मी लांब उभी होते, तरी दिसलं,
ते सांध्यावरून कापत नव्हते.
सांध्याच्या शेजारून, दोन बोटं सोडून,
जाड पोलाद, दुप्पट गॅस, दुप्पट वेळ.
"कामून?" म्हटलं.
चष्मा वर केला. "सांधे पास केले ना तुम्ही."

तुकडे जालन्याला गेले, भट्टीत.
आता कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई असतील,
वर पापड वाळत असतील.
चाकं तेवढी लिलावात निघाली.
वाहेद टँकरवाल्यानं सहाही घेतली.
मे महिन्यात फुलंब्रीच्या रस्त्याला
पुढच्या टँकरच्या टायरांची नक्षी ओळखीची वाटली.
मागनं पाणी सांडत होतं, बारीक धार,
डांबरावर पडायची अन् वाळायची.
आमच्याकडं टँक म्हटलं की लोकांना पाणीच कळतं.
मी बराच वेळ ओव्हरटेक केलं नाही.

टिटवी पाय वर करून झोपते म्हणे,
आभाळ कोसळलंच तर पेलायला.
कोसळत नाही, तो तिचा दोष नाही.

रिपोर्टची एक प्रत माझ्याकडं राहिली. द्यायला हवी होती.
एकशे अठरा ओळी, प्रत्येकीपुढं टिक,
तिघींपुढं दोनदा.
खाली शेरा: पोकळी आढळली नाही.
त्याखाली माझी सही, तारीख,
आणि कोपऱ्यात जेलचा डाग,
अजून थोडा चिकट.